पेला जुना, गुलाब नवा

प्रश्न: मी मूळची मिरजेची. गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्ये वुल्वरहॅम्प्टनला राहते, नर्स आहे. तीन आठवड्यांपूर्वी जुन्या वस्तूंच्या रविवारच्या बाजारात मी काचेचा एक पेला घेतला. त्यावर गुलाब आणि दोन कळ्या कोरल्या आहेत. विक्रेत्याने ‘जॅकोबाइट, १७५० च्या सुमाराचा’ असं सांगितलं आणि पावतीवरही तसं लिहून दिलं. ३२० पौंड मोजले. आता मैत्रीण म्हणते, असले पेले नकलीच असतात. नवरा म्हणतो, काचेत पैसे घातलेस. सासूबाई सध्या इथे आल्या आहेत; घरात कोणी घेत नाही तर दारूचे पेले कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र तो फार आवडला आहे आणि असे आणखी जमवावेसे वाटतात. हा पेला खरा आहे का? सुरुवात कशी करू? आणि त्यातून पन्हं दिलं तर चालेल का? फोटो पाठवते आहे. उंची १६ सेंटिमीटर, वजन १८६ ग्रॅम.
— एक वाचक, वुल्वरहॅम्प्टन

उत्तर:

ताई, नमस्कार.

हे उत्तर इथे छापून येण्याआधी तुम्हाला ईमेलने पाठवलं आहे, कारण तुमच्या हातात दिवस थोडे आहेत. ते का, हे शेवटी सांगते.

तुमचा पेला मला जुना वाटतो. त्यावरचा गुलाब मात्र त्याच्या वयाचा वाटत नाही. फोटोवरून याहून छातीठोक बोलू नये, पण पेला उलटा धरून काढलेला तिसरा फोटो इतका स्वच्छ आहे की पेल्याबद्दल मला फारशी शंका उरलेली नाही.

त्याच फोटोत बैठकीच्या मधोमध जो खडबडीत, तुटल्यासारखा भाग दिसतो, तो तुम्हाला टवका वाटला आणि तुम्ही हळहळलात. हळहळू नका. पेला फुंकून झाला की कारागीर त्याच्या बुडाला वितळलेल्या काचेच्या थेंबाने लोखंडी कांब चिकटवायचा, वरची फुंकणी सोडवायचा आणि कांबेवर पेला धरून वाटीची कड भट्टीत पुन्हा तापवून गोल करायचा. शेवटी झटका देऊन कांब तोडली की मागे राहते ती ही खूण. मी तिला बेंबी म्हणते. अठराव्या शतकातल्या बहुतेक इंग्लिश पेल्यांना ती असते आणि ती टेबलाला टेकू नये म्हणून बैठक मधे उचललेली, उथळ छत्रीसारखी असते. तुमची तशीच आहे. शिवाय बैठकीची कड खालच्या बाजूला दुमडलेली दिसते, परकराचा काठ दुमडून शिवावा तशी. कडेला टवके जाऊ नयेत म्हणून ही दुमड घालत. बैठक वाटीच्या तोंडापेक्षा किंचित रुंद आहे, हेही त्या काळाला धरून आहे. ती वाटीपेक्षा लहान असती तर फुटलेली कड कोणीतरी घासून काढली असावी, असा संशय आला असता.

आता एवढं करा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि बैठकीची जी कड टेबलाला टेकते ती पाहा. पावणेतीनशे वर्षं हा पेला कुठल्या ना कुठल्या फळीवर सरकत आला आहे, त्यामुळे तिथे बारीक ओरखड्यांचं जाळं हवं, वाटेल त्या दिशेने गेलेलं, कुठे दाट कुठे विरळ. सँडपेपर फिरवून केलेली खोटी झीज एकसारखी असते आणि ओरखडे एकाच वळणाने जातात. एकदा दोन्ही पाहिलं की डोळा चुकत नाही.

दुसरी परीक्षा स्वयंपाकघरातच होईल. वजनकाट्यावर पाण्याने भरलेलं मोठं पातेलं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पेल्याच्या देठाला मऊ दोरा बांधून पेला पूर्ण बुडेल असा पाण्यात सोडा, मात्र तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. वाटीत हवा अडकली असेल तर तिरका करून काढून टाका. काट्यावर जो आकडा येईल त्याने १८६ ला भागा. काटा ६० च्या आसपास थांबला तर भागाकार ३.१ येतो, म्हणजे काचेत भरपूर शिसं आहे. ७४ च्या आसपास गेला तर २.५, म्हणजे साधी सोड्याची काच. पेल्याला तडा किंवा जोड असेल तर मात्र ही परीक्षा करू नका. यातून वय कळत नाही, शिशाची काच आजही होते. पण साध्या काचेची नक्कल मात्र इथेच बाहेर पडते.

शिशाचं एवढं महत्त्व का, ते सांगायलाच हवं, कारण इंग्लिश पेल्याची सगळी ओळख त्यात आहे. सतराव्या शतकात चांगली काच म्हणजे व्हेनिसची: पातळ, हलकी, सोड्याची. लंडनचा व्यापारी जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने तिला तोडीस तोड काच करायचा ध्यास घेतला आणि १६७४ मध्ये त्याला सात वर्षांचं पेटंट मिळालं. पहिल्या मालाला काही काळाने आतून असंख्य बारीक तडे जाऊ लागले, काच धुरकट होऊन रडू लागली, कारण मिश्रणात क्षार जास्त झाले होते. मिश्रणात शिशाच्या ऑक्साइडचं प्रमाण वाढवल्यावर ती स्थिर झाली आणि १६७७ पासून तो आपल्या मालावर कावळ्याच्या डोक्याची मोहोर उठवू लागला. रेव्हन म्हणजे डोमकावळा, त्याच्या आडनावातलाच. ही काच जड, मऊसर झळाळीची, उजेड आत धरून ठेवणारी. व्हेनिसच्या काचेसारखे नाजूक पंख-वेलबुट्ट्या तिच्यातून निघत नव्हत्या, म्हणून इंग्लिश कारागिरांनी साध्या, ठाम आकारांकडे मोर्चा वळवला. तुमच्या पेल्याची वाटी आणि देठ एकाच गोळ्यातून ओढून काढलेले आहेत, कर्ण्यासारखे, कुठेही सांधा नाही, आणि देठात अश्रूसारखा हवेचा एक थेंब अडकवलेला आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून पुढे हा आकार फार चालला. त्यावर काही कोरायची गरजच नाही.

आणि नाद. मिरजेच्या माणसाला नादाबद्दल मी काय सांगावं! तंबोऱ्याच्या तारा जुळल्यावर जो आस मागे रेंगाळतो, तसा चांगल्या शिशाच्या काचेचा नाद रेंगाळतो. देठ हलकेच धरून वाटीला नखाने अलगद स्पर्श करा. टिचकी जोरात मारू नका.

आता गुलाबाकडे येऊ. १६८८ मध्ये इंग्लंडच्या गादीवरून दुसरा जेम्स गेला. त्याच्या मुलाला आणि नातवाला खरे वारस मानणारे ते जॅकोबाइट. नातू चार्ल्स एडवर्ड १७४५ मध्ये स्कॉटलंडला उतरला, फौज घेऊन इंग्लंडात डर्बीपर्यंत आला, मागे फिरला आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर त्याचा पराभव झाला. (त्या वेळी आपल्याकडे साताऱ्यात शाहू महाराज आणि पुण्यात नानासाहेब पेशवे होते, म्हणजे काळ नजरेसमोर येईल.) त्याचे समर्थक बंद दाराआड ‘पाण्यापलीकडच्या राजा’च्या नावाने पेले उंचावत. त्यांच्या पेल्यांवर गुलाब, कळ्या, ओकचं पान, कधी ‘फिआट’, म्हणजे ‘तसंच होवो’, असा लॅटिन शब्द. गुलाब म्हणजे राजा की राजमुकुट, आणि कळ्या म्हणजे त्याचे दोन मुलगे का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

अशा पेल्यांना साध्या पेल्याच्या कितीतरी पट भाव येऊ लागला, तसे कोरक्यांनी अस्सल जुने साधे पेले घेऊन त्यांवर गुलाब काढायला सुरुवात केली. पेला खराखुरा असल्यामुळे बेंबी, दुमड, झीज, वजन, सगळं जुळतं आणि माणूस निर्धास्त होतो. तुमच्या चौथ्या फोटोत डाव्या कळीजवळ एक लांब ओरखडा आहे. तो कळीच्या कडेपर्यंत येतो, आत नाहीसा होतो आणि पलीकडे पुन्हा त्याच रेषेत सुरू होतो. खोल कापलेल्या जागी ओरखडा एरवीही उडी मारतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. पण उथळ पाकळ्यांमध्येही एकही ओरखडा दिसत नाही, आणि आजूबाजूला मात्र डझनभर आहेत. ओरखडे आधी पडले, फूल मग उमललं, असा त्याचा अर्थ मी लावते. शिवाय कोरीव भाग पांढराशुभ्र, पिठूळ दिसतो. जुनं कोरीवकाम पुसून पुसून करडं झालेलं असतं आणि त्याच्या कडा मऊ पडलेल्या असतात.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. इंग्लंडमधल्या पहिल्या वर्षी मी शिल्लक टाकलेल्या पैशांतून ‘फिआट’ कोरलेला पेला घेतला. विकणारा गोड बोलणारा होता, त्याने कलोडनची सगळी हकिगत सांगितली आणि मी ती ऐकत राहिले. पेला मी उजेडात धरून पाहिलाही नाही. दोन वर्षांनी एका जाणत्या बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं आणि काही न बोलता पेला फिरवून दाखवला. त्या अक्षरांच्या आत काच कोरी होती. मला रडू आलं. त्या बाई म्हणाल्या, “पेला चांगला आहे, अक्षरं विसर.” तो पेला अजून माझ्या कपाटात पुढच्या रांगेत आहे.

म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, पहिली दोन-तीन वर्षं कोरलेलं, रंगवलेलं, नावागावाचं काहीही घेऊ नका. साधे पेले घ्या. अठराव्या शतकाच्या मधला साध्या देठाचा चांगला पेला आज मला साधारण शंभर पौंडांच्या आगेमागे मिळतो. टवका गेलेला असेल तर त्याहून बराच स्वस्त, आणि शिकायला टवक्याचा पेला उत्तम, कारण तो निर्धास्तपणे हाताळता येतो.

देठांचा माग धरला तर सगळा इतिहास आपोआप उलगडतो. शतकाच्या सुरुवातीचे देठ जाडजूड, गाठीगाठींचे, कठड्याच्या खांबांसारखे. मग सरकारने काचेवर कर बसवला. १७४५ चा कायदा, पुढच्या वर्षापासून अंमल, आणि आकारणी भट्टीत जाणाऱ्या कच्च्या मालाच्या वजनावर: ११२ रतलांना ९ शिलिंग ४ पेन्स. जड काच एकदम महाग झाली. पेले हलके व्हायला लागले, दुमडलेल्या बैठका कमी होत गेल्या आणि वजनाने मिळणारी शोभा कारागिरांनी देठाच्या आत शोधली. तापलेल्या गोळ्यात भोकं पाडायची, त्यावर काचेचा आणखी एक थर घ्यायचा म्हणजे हवा आत कोंडते, मग गोळा ओढत ओढत पिळायचा. ते बुडबुडे केसाएवढ्या चंदेरी दोऱ्यांसारखे देठातून गोल गोल खाली उतरतात. हे पेले मुख्यतः १७४५ ते १७६५ मधले. १७५५ च्या सुमारापासून हवेऐवजी पांढऱ्या काचेच्या काड्या साच्यात उभ्या लावून, त्यांत पारदर्शक काच ओतून, तसाच पीळ द्यायला लागले. त्यातला उत्तम देठ उजेडात धरला की आत लेस विणल्यासारखी वाटते. १७७० नंतर देठांना हिऱ्यासारखे पैलू पाडायची रीत रुळली. कर १८४५ पर्यंत, म्हणजे शंभर वर्षं, राहिला. साधा, हवेच्या पिळाचा, पांढऱ्या पिळाचा आणि पैलूंचा, असे चारच पेले एका फळीवर ठेवलेत तरी अर्धशतक समोर उभं राहील. पहिला तर तुमच्याकडे आलाच आहे.

रंगीत पिळाचे आणि बाइल्बींचे पेले पाहा, घेण्याचा विचार करू नका. न्यूकॅसलचा विल्यम बाइल्बी आणि त्याची धाकटी बहीण मेरी १७६० आणि ७० च्या दशकांत पेल्यांवर इनॅमलने द्राक्षवेली आणि राजचिन्हं काढून ती भाजत असत. पांढऱ्या रंगातली, पिसासारखी हलकी रेघ. आज त्यांची किंमत हजारांत जाते.

शिकायला तुम्ही फार चांगल्या ठिकाणी आहात. तुमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत वर्ड्सलीला स्टॉरब्रिज काच संग्रहालय आहे, २०२२ मध्ये सुरू झालेलं, आणि समोरच १७९० च्या सुमाराचा रेड हाउस काच-शंकू उभा आहे. जवळजवळ शंभर फूट उंच विटांचा तो शंकू म्हणजे भट्टीचं घर आणि धुराडं एकाच वेळी. आत उभं राहिलं की या पेल्यामागची धग कळते. लंडनला गेलात तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं काचेचं दालन चुकवू नका, तिथे तिकीट लागत नाही. लिलावघरांत विक्रीच्या आधीच्या दिवशी सगळा माल हातात घेऊन पाहता येतो. विकत काही घेऊ नका, फक्त पन्नास पेले हातात घ्या. वाटीच्या कडेवरून बोट फिरवा: भट्टीत गोल झालेली कड ओठासारखी लागते, टवका लपवायला घासलेली कड सपाट लागते. देठ आणि बैठक जिथे भेटतात तिथे रेघ दिसली तर ते दोन वेगळे पेले डिंकाने जोडलेले असू शकतात. लिलावात बोली लावायची वेळ येईल तेव्हा पुकारलेल्या किमतीवर लिलावघराचं कमिशन आणि त्यावर कर लागतो, तो आधी विचारून ठेवा.

सासूबाईंबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका, पेला त्यांच्या हातात द्या. तो इतका लहान का, ते सांगा: त्या काळी पेले जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवत नसत. नोकर भरलेला पेला आणून देई, माणूस एका दमात संपवी आणि नोकर तो परत बाजूच्या मेजावर नेई. मग देठातला तो हवेचा थेंब दाखवा आणि नाद ऐकवा. माझ्या आईचीही अशीच नाराजी होती. आमच्या घरी गणपतीत माळ्यावरून काचेच्या हंड्या उतरवून त्या राखेने पुसायचं काम तिचं असे. तिने पेला घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, “ही काच हंडीसारखी बोलते.” पुढे तिने विषय काढला नाही. तुमच्या सासूबाईंना तरीही नको वाटलं, तर त्या आहेत तोवर पेला तुमच्या खोलीत ठेवा. देवघराच्या खोलीत नको, एवढं त्यांचं ऐकण्यात तुमचं काही जात नाही.

पन्हं देऊ नका. आंबट पदार्थ शिसं ओढतो, जितका वेळ राहील तितकं जास्त. कोकम सरबत, सोलकढी, लिंबू, सगळ्यांना हेच लागू. आणि मुलांना तर त्यातून काहीच नको. तो पाहायचा, हाताळायचा पेला आहे.

धुताना हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढा. प्लॅस्टिकच्या टबात तळाला टॉवेल, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, एका वेळी एकच पेला. पुसताना वाटी पुसायची तर वाटीच धरा, बैठक पुसायची तर बैठक. बैठक एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाटी पुसली की देठ मधेच पिळतो आणि तुटतो. जुने पेले सर्वांत जास्त असेच गेले आहेत. डिशवॉशर तर नाहीच. ठेवताना उभा ठेवा, वाटीवर उपडा नाही, आणि ओलसर, बंद कपाटात कोंडू नका.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कमाई म्हणून याकडे पाहू नका. साधे पेले मी वीस वर्षांपूर्वी ज्या भावाने घेतले, त्याहून आज स्वस्त मिळतात. पण साध्या पेल्याला साध्या पेल्याचा दर दिला तर पैसे बुडत नाहीत. तुम्ही साध्या पेल्याला जॅकोबाइटचा दर दिलात, तेवढंच दुरुस्त करायचं आहे.

आणि त्यासाठीच दिवस मोजायचे. इथल्या कन्झ्युमर राइट्स ॲक्ट, २०१५ नुसार व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. तुमच्या पावतीवर ‘जॅकोबाइट’ लिहिलेलं आहे, ही मोठी जमेची बाजू. तुमचे २१ दिवस गेले. या आठवड्यातच काचेची जाणकारी असलेल्या एखाद्या लिलावघराची वेळ घ्या, पेला प्रत्यक्ष दाखवा, गुलाबाबद्दलचं त्यांचं मत लेखी मिळालं तर पाहा, आणि मग विक्रेत्याला शांतपणे ईमेल करा. त्यानेही दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून घेतला असेल, हे मनात धरून लिहा. मी तुमच्या जागी असते तर पेला ठेवला असता, फरकाचे पैसे परत मागितले असते आणि पावती ‘साधा पेला, कोरीवकाम नंतरचं’ अशी बदलून घेतली असती. तो ऐकत नसेल तर मुदतीच्या आत पेला परत करा.

काहीही ठरलं तरी त्याआधी तो पाण्यात तोलून घ्या आणि काट्यावर आलेला आकडा मला कळवा.